चौथ्या मुद्द्याशेजारची लाल रेघ

१

शुक्रवारी सकाळी साडेनऊला दीक्षा सोनकांबळेनं अपघाताच्या चौकशी अहवालाची फाइल उघडली. नवव्या पानाशी येताच तिचा हात माउसवरच थांबला. चौथा मुद्दा बदलला होता.

चाकणच्या अभिनंद स्टॅम्पिंग्ज या कंपनीत ती चौदा वर्षं कागदपत्रं सांभाळत होती. कंपनीबाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर तिचा नंबर आणि तिची सही लागायची. त्याशिवाय कागद गेटबाहेर पडत नसे. लोकांना वाटायचं, ही बाई नुसती नंबर टाकते. पण दीक्षा प्रत्येक कागद वाचायची. हा अहवालही तिनं बुधवारी, कच्चा असताना, वाचला होता.

सोमवारी पहिल्या शिफ्टला, पत्रा दाबून आकार देणाऱ्या सात नंबरच्या प्रेसमध्ये किसन ढगेचा उजवा हात सापडला होता. अंगठा आणि दोन बोटं गेली. एकोणीस वर्षं नोकरी झालेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात नसणारा माणूस. त्या प्रेसला समोरून एक सेन्सर असतो. हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबतं. सोमवारी ते थांबलं नाही.

बुधवारच्या मसुद्यात चौथा मुद्दा असा होता: ‘अपघाताच्या वेळी प्रेस क्र. ७ चा सेन्सर बंद केलेला होता. तो कोणी व केव्हा बंद केला, हे अद्याप स्पष्ट झालेले नाही.’

आता तिथे लिहिलं होतं: ‘ऑपरेटर किसन ढगे यांनी काम लवकर उरकण्यासाठी जादा चावी वापरून सेन्सर स्वतः बंद केला. अपघातास त्यांचा निष्काळजीपणा कारणीभूत आहे.’

बाकी फाइल धुऊन काढल्यासारखी स्वच्छ होती. फक्त या मुद्द्याशेजारी, समासात, एक बारीक उभी लाल रेघ होती. केसाएवढी. ट्रॅक चेंजेस, म्हणजे वर्डची बदल टिपून ठेवणारी सोय, चालू असताना केलेला बदल कुणी मंजूर केला नसेल, तर ती रेघ दिसते. दीक्षानं तिच्यावर क्लिक केलं. जुनं वाक्य खोडलेल्या अवस्थेत वर आलं, नवं त्याच्याखाली लाल अक्षरांत. शेजारच्या चौकटीत बदल करणाऱ्याचं नाव आणि वेळ होती. गुरुवार, संध्याकाळी पाच वाजून सव्वीस मिनिटं.

नाव होतं प्रज्वल तारकसे. सेफ्टी ऑफिसर. बुधवारचा मसुदा त्यानंच लिहिला होता.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. प्रॉडक्शन मॅनेजर साहेबराव येळवंडे बोलत होते.

“ताई, झाला का तो रिपोर्ट? दोन वाजता माणूस फॅक्टरी निरीक्षकांच्या ऑफिसला निघणार हाय. लवकर नंबर टाका अन् सोडा.”

२

प्रज्वल तिशीच्या आतला, कायम घाईत असणारा मुलगा होता. दीक्षानं त्याला बोलावून घेतलं, दार लोटलं आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

त्यानं दोनदा वाचलं. कान लाल झाले.

“ताई, हे मी लिहिलेलं नाही.”

“नाव तुझं आहे.”

“नाव माझं असेल. पण काल साडेचारला मी रिपोर्टवरची मीटिंग सोडून निघालो. चिंचवडला हॉस्पिटलात, किसनभाऊंचा जबाब घ्यायला. तुम्ही विचारा त्यांना.”

“आणि मीटिंगमधला लॅपटॉप?”

तो हळूच म्हणाला, “तसाच ठेवून गेलो. माझ्या नावानं लॉगिन होतं.”

म्हणजे त्या लॅपटॉपवर जो बसेल, त्याचा प्रत्येक बदल प्रज्वलच्याच नावावर पडणार. हे खरं असू शकत होतं. पण बचाव म्हणून आयतं सुचण्यासारखंही होतं. दीक्षा त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या मनात दुसरीच गोष्ट घोळत होती. सेन्सर बंद करायची चावी सेफ्टी विभागाच्या कपाटात असते, आणि कपाट प्रज्वलच्या ताब्यात. सेन्सर कुणी बंद केला हा प्रश्न उघडा राहिला, तर पहिलं बोट त्याच्याकडेच वळणार. किसनवर खापर फुटलं तर तो सुटला.

“चावी दाखव,” ती म्हणाली.

तो तिला घेऊन गेला. कपाट उघडलं. हुकाला एकच चावी, तिच्या दोऱ्यावर लाखेचं सील, तारीख जानेवारीची. सील शाबूत होतं.

“एकच आहे?”

“मी तीन वर्षांपूर्वी चार्ज घेतला तेव्हापासून एकच. आपल्या नियमावलीतही एकच लिहिलीय. तुम्हीच तर छापता ती.”

ते खरं होतं. खोलीत परत येऊन तिनं किसनच्या बायकोला, जाईबाईला, फोन लावला. प्रज्वल कधी आला होता, एवढंच विचारलं.

“पाचला आला जनू. दिवेलागणीपत्तोर बसला व्हता,” जाईबाई म्हणाली. मग फोनवर किसन आला. आवाज खोल गेलेला.

“किसनभाऊ, सेन्सरची चावी कधी तुमच्या हातात आली होती?”

“चावी? म्या चावी बघितली सुदिक न्हाई, ताई. सकाळी शिफ्टला आलो तवा मशीन तसंच चालू व्हतं. आमाला काय ठावं शेन्सर बंद हाय का चालू.” थोडं थांबून त्यानं विचारलं, “का वो? कोन काय म्हनलं का?”

दीक्षानं विषय टाळला. विश्रांती घ्या म्हणाली आणि फोन ठेवला.

प्रज्वल पाच वाजून सव्वीस मिनिटांनी चिंचवडला होता. मग त्या खुर्चीत कोण बसलं होतं? मीटिंगला तिघंच होते. उरले साहेबराव आणि एचआरच्या निशिगंधा पोतदार.

आणि फाइलमध्ये एक जादा चावी होती, जी कंपनीत कुठेच नव्हती.

३

अकरा वाजता साहेबराव स्वतःच तिच्या खोलीत आले. चाकणजवळच्याच गावचे, उंचेपुरे, पन्नाशी ओलांडलेले. शॉपवर, म्हणजे खाली मशीनच्या हॉलमध्ये, कुणाची आई आजारी पडली तर पहिली गाडी साहेबरावांची निघायची. किसनला सोमवारी उचलून गाडीत घातलं तेही त्यांनीच. दीक्षा त्यांना मानायची, आणि त्यामुळेच तिला हे संभाषण जड जात होतं.

“अजून प्रिंट न्हाई निघाली?”

“वाचतेय. चौथा मुद्दा बदललेला दिसतो.”

“व्हय. चर्चा झाली, ठरलं, प्रज्वलनं लिहिलं. त्यात काय एवढं?”

“तो तर साडेचारलाच गेला होता.”

साहेबरावांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं. “मग आधी लिहिलं असंल. मी पण साडेचारलाच खाली शॉपवर गेलो. आवो ताई, फाइल क्लीन हाय. मी डोळ्यानं बघितली, एक लाल रेघ न्हाई त्यात. तुमी उगा कशाला उकरता?”

“किसनभाऊंनी जादा चावी वापरली असं लिहिलंय. ही कुठली चावी?”

“असती मशीनसंगं एखादी. तुमी नंबर टाका.”

ते गेले. पावलांचा आवाज जिन्यावर विरेपर्यंत दीक्षा बसून राहिली. साडेचारला हे खाली गेले असतील, तर पाच सव्वीसनंतरची स्वच्छ फाइल यांनी डोळ्यांनी कधी बघितली?

तिनं बुधवारचा मसुदा आणि आजची फाइल शेजारीशेजारी ठेवून दोन्ही ताडून बघितल्या. वर्डमध्ये त्यासाठी कंपेअर नावाची सोय असते, दोन फाइलींतला एकेक फरक ती दाखवते. एकूण तेवीस फरक निघाले. शुद्धलेखन, तारखा, एक चुकलेलं पद, पानांचे क्रमांक. मीटिंगमध्ये होतात तसे किरकोळ बदल. त्यातले बावीस बदल कुणीतरी रीतसर ॲक्सेप्ट करून कायम केले होते. म्हणून त्यांच्या खुणा गेल्या होत्या.

तेविसावा तेवढा राहिला होता. चौथा मुद्दा.

दीक्षा मागे टेकून बसली. विसरलं असेल कुणी? फेब्रुवारीत तिनं ऑफिसच्या लोकांना याच विषयावर दोन तास शिकवलं होतं. बहुतेकांची चूक ठरलेली असते. ‘नो मार्कअप’ निवडलं की लाल रेघा दिसेनाशा होतात आणि माणसाला वाटतं, गेल्या. त्या जात नाहीत, नुसत्या झाकल्या जातात. फाइल पुन्हा उघडली की परत डोकं वर काढतात. घालवायच्या तर प्रत्येक बदल मंजूर करावा लागतो, नाहीतर नामंजूर.

पण ज्याला हे माहीत नाही, त्यानं तेवीसच्या तेवीस झाकले असते. ज्याला माहीत आहे, त्यानं तेवीसच्या तेवीस मंजूर केले असते, एका बटणात. इथे कुणीतरी बावीस एकेक करून मंजूर केले, नेमका गुन्ह्याचा पुरावा ठरेल तो शिल्लक ठेवला, आणि मग त्याच्यावर पडदा ओढला.

चूक अशी होत नाही.

फेब्रुवारीच्या वर्गाची हजेरी तिच्याकडेच होती. साहेबरावांची सही होती. पण तिला पक्कं आठवत होतं, ते सही करून पाचव्या मिनिटाला शॉपवर निघून गेले होते. पहिल्या बाकावर शेवटपर्यंत बसून वहीत लिहून घेणारी एकच होती.

निशिगंधा पोतदार.

४

निशिगंधाला गाठण्याआधी दीक्षा रेकॉर्ड रूममध्ये गेली. नियमावलीत चावी एक. पण नियमावली कंपनीनं लिहिलेली. मशीन देणाऱ्यानं काय लिहून दिलं होतं? सात नंबरचा प्रेस आठ वर्षांपूर्वी आला. त्याची फाइल सगळ्यात खालच्या रॅकवर, धुळीनं माखलेली होती. दीक्षा मांडी घालून बसली आणि पान पान उलटत गेली. मशीन ताब्यात दिल्याची यादी सापडली. हत्यारं, वायरिंगचे नकाशे, सुटे भाग. बाराव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. तिनं पान मोबाइलमध्ये टिपलं, मूळ कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला आणि थेट एचआरमध्ये गेली.

निशिगंधा एकटीच होती. दीक्षाला बघून तिनं हातातलं पेन खाली ठेवलं.

“दीक्षाताई, रिपोर्ट गेला?”

“नाही. बावीस मंजूर केलेस, तेविसावा का ठेवलास?”

निशिगंधानं नाही म्हटलं नाही, काय म्हणताय असंही विचारलं नाही. तिनं खिडकीबाहेरच्या कंटेनरच्या रांगेकडे बघितलं.

“तुम्हाला दिसला ना,” ती म्हणाली. “कालपासून मला तीच धास्ती होती. तुम्ही सवयीनं सगळं ॲक्सेप्ट करून टाकलंत तर?”

“काय झालं ते सांग.”

“प्रज्वल गेला. मी निघतच होते. साहेबराव म्हणाले, बस, एक वाक्य बदलायचंय. त्यांना मराठी टाइप करता येत नाही. ते मागे उभे राहून सांगत गेले, मी टाइप केलं. जादा चावी म्हणजे काय, तेही मला कळलं नाही. मी म्हटलं, सर, हे मीटिंगमध्ये ठरलं नव्हतं. ते म्हणाले, ठरलंय असं समज. मग म्हणाले, त्या लाल रेघा काढ. मी त्यांच्यासमोर एकेक करत गेले, तो एक सोडला, आणि शेवटी झाकून टाकलं. स्क्रीन स्वच्छ दिसली. ते वाकून बघून गेले.”

“त्याच संध्याकाळी मला फोन करायचा होतास.”

“माझी नोकरी अजून पर्मनंट नाही, ताई. त्यांचा शब्द इथे चालतो.” तिनं पेन उचलून परत ठेवलं. “तुम्ही वाचता हे मला माहीत होतं.”

दीक्षाला राग आला होता. या मुलीनं स्वतःचं तोंड मिटून एका माणसाची सगळी इभ्रत एका बारीक रेघेवर टांगून ठेवली होती. आज सकाळी एक फोन जास्त आला असता, घाई झाली असती, तर दीक्षाच्याच बोटानं ती रेघ पुसली गेली असती. पण दुसरं कुणी असतं तर रेघही ठेवली नसती, हेही तिला दिसत होतं.

“साडेबारा वाजलेत,” ती म्हणाली. “मी सुजित सरांकडे चाललेय. तू आलीस तर बरं. नाही आलीस तरी तुझं नाव मला घ्यावं लागेल.”

निशिगंधा जागची हलली नाही.

५

प्लांट हेड सुजित बर्वे यांच्या केबिनमध्ये साहेबराव आधीच बसलेले होते. दीक्षानं आपला लॅपटॉप टेबलावर ठेवला.

“सर, या अहवालाला मी नंबर देऊ शकत नाही. चौथा मुद्दा मीटिंगनंतर बदललाय.”

“प्रज्वलनं,” साहेबराव म्हणाले. “नाव तिथंच हाय.”

“नाव लॅपटॉपच्या लॉगिनचं आहे. त्या वेळी प्रज्वल चिंचवडला किसनभाऊंसमोर बसला होता.” तिनं लाल वाक्यावर बोट ठेवलं. “सर, हे कुणी टाइप केलं ते बाजूला ठेवू. आधी हे कुणाचं बोलणं आहे ते बघा. जादा चावी. प्रज्वलला एकच चावी माहीत आहे, ती आजही सीलमध्ये आहे. किसनभाऊंनी चावी पाहिलेलीच नाही. नियमावलीत एकच लिहिलीय, म्हणून मलाही एकच माहीत होती. कंपनीत दुसरी चावी आहे, हे कागदावर कुठेच नाही. मग हे वाक्य ज्यानं रचलं, त्याला ती कुठून कळली?”

तिनं पाकिटातला कागद सुजितसमोर ठेवला. मशीन ताब्यात घेतल्याची यादी, ओळ बारा: बायपास (सेन्सर बंद करायच्या) चाव्या, नग दोन. खाली घेणाऱ्याची सही होती. साहेबराव येळवंडे.

“दोन आल्या. सेफ्टीकडे एकच गेली,” दीक्षा म्हणाली.

सुजितनी कागद हातात घेतला, परत ठेवला.

“दीक्षा मॅडम, सोमवारी मोठं डिस्पॅच आहे. या घडीला हे बाहेर गेलं तर...” त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. “आठ वर्षांपूर्वीची यादी आहे ही. त्यावरून त्यांनी वाक्य सांगितलं असं सिद्ध होत नाही.”

साहेबरावांचे खांदे किंचित सैल झाल्याचं दीक्षाला दिसलं.

दार उघडलं. निशिगंधा आत आली. बसली नाही.

“मी टाइप केलं, सर. साहेबराव सरांनी सांगितलं तसं, शब्द न् शब्द. मी तसं लिहून देते.”

साहेबरावांनी मान वर केली नाही. ते बोलायला लागले तेव्हा आवाज शॉपवरचा नव्हता.

“त्यो शेन्सर शिफ्टला चाळीस येळा मशीन बंद पाडतो, सर. धूळ बसली तरी बंद. मी तीनदा मेलवर कळवलं, बदलून द्या म्हनून. तुमी म्हनला, पुढच्या बजेटला. अन् टारगेट काय कमी न्हाई केलं. मग म्या रविवारी चावी लावली. दोन दिवसांसाठी.” त्यांनी कपाळ पुसलं. “किसनला म्याच उचलला. त्याचं रगात अजून माझ्या सीटवर हाय.”

“आणि तरी त्याच्याच नावावर लिहिलंत,” निशिगंधा म्हणाली.

साहेबरावांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून एक छोटी चावी सोडवली आणि टेबलावर ठेवली.

आता सुजित सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होते. दीक्षानं ओळखलं, हा माणूस अजून हिशेब मांडतोय. त्या तीन मेल त्यांच्याच खात्यात होत्या.

“सर, दोन वाजता माणूस निघणार आहे,” ती म्हणाली. “बदल नामंजूर करून मूळ वाक्य परत आणते. त्याखाली चावीची यादी जोडते, आणि साहेबराव सर आत्ता बोलले ते, मेलसकट. तसा अहवाल असेल तर माझी सही आहे. नसेल तर सहीविना पाठवा, आणि का नाही ते निरीक्षक मला विचारतील.”

सुजितनी चष्मा काढून डोळे चोळले. “करा,” ते शेवटी म्हणाले.

दीक्षानं रिजेक्ट दाबलं. लाल अक्षरं गेली, खोडलेलं वाक्य सरळ झालं. अहवाल दोनला नाही, सव्वातीनला निघाला, चार पानांनी जाड होऊन. सात नंबरचा प्रेस त्याच दुपारी बंद करून त्याला कुलूप घातलं. साहेबरावांना चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. निशिगंधाचं काय करायचं, ते कुणीच ठरवलं नाही. ती दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला येऊन जागेवर बसली.

६

रविवारी सकाळी दीक्षा रावेतच्या आपल्या घरून रिक्षानं चिंचवडच्या हॉस्पिटलात गेली. प्रज्वलनं घेतलेल्या जबाबावर किसनची सही राहिली होती, ती घ्यायची होती. गुरुवारी हात इतका दुखत होता की प्रज्वलनं विषयच काढला नव्हता.

किसन उशीला टेकून बसला होता. उजव्या हाताचं मोठं पांढरं गाठोडं छातीवर. दीक्षानं त्याला अहवालातला चौथा मुद्दा वाचून दाखवला, मग त्याखालची नवी भर. साहेबरावांचं नाव आलं तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले.

“त्यांनीच मला गाडीत घातलं व्हतं,” तो म्हणाला. “वाटंत रडत व्हते.”

जाईबाई म्हणाली, “परत वाचा ताई. यांची चुकी न्हवती, ते वाचा.”

“तसं सरळ लिहिलेलं नाही, जाईबाई. पण बंद कुणी केला, ते लिहिलंय.”

“तेच वाचा.”

दीक्षानं परत वाचलं. मग जबाबाचा कागद पुढे केला. शेजारी उभ्या नर्सनं सवयीनं शाईचा पॅड आणला आणि किसनचा डावा हात धरला.

किसननं हात काढून घेतला.

“आंगठा न्हाई,” तो म्हणाला. “मला सही येती.”

जाईबाईनं कागदाखाली एक पुठ्ठा धरला. त्यानं डाव्या मुठीत पेन पकडलं, लहान पोरं पकडतात तसं. ‘कि’ची वेलांटी दोनदा घसरली. तो थांबला, श्वास घेतला, परत टेकवलं. खाली दाराशी रिक्षावाला खोळंबला होता, त्याचा एक फोन येऊन गेला. दीक्षा खुर्ची ओढून बसली आणि त्याचं आडनाव पुरं होईपर्यंत थांबली.